हॉलिंगडेलची परवानगी

बसमध्ये कुणी पायावर पाय दिला, तर ‘माफ करा’ असं आधी ऑड्री टपेन म्हणायची. फर्लडीन गावात याचं कुणाला फारसं नवल नव्हतं, कारण निम्मं गाव तसंच होतं. पण बाकीच्यांची सभ्यता पावसात, रांगेत किंवा सुनेसमोर कधीमधी ढिली पडायची. ऑड्रीची पडत नसे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभी हयात उकडलेले बटाटे वाढले आणि ते प्रत्येक पोराला “वाढू ना रे राजा?” असं विचारून वाढले. पोरं वैतागायची, मागची रांग खोळंबायची, पण बाईंचा डाव विचारल्याशिवाय ताटात उतरायचा नाही.

आता तिनं सत्तरी ओलांडली होती, आणि हा विचारायचा स्वभाव तिच्या चांगलाच अंगाशी यायचा होता. ते घडलं मे महिन्याच्या अखेरीस, एका मंगळवारी, वरच्या वाटेवर.

वरची वाट म्हणजे खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाच्या, टेकड्यांच्या माथ्यावरून जाणारी लांबलचक पायवाट. एक टेकडी उतरायची, नदी ओलांडायची, दुसरी चढायची, असं करत ती शंभरेक मैलांवर समुद्राच्या पांढऱ्या कड्यापाशी जाऊन थांबते. फर्लडीनची बुधवारची मंडळी दर वर्षी तिचा एक तुकडा चालायची. पूर्वी चौदा-पंधरा जण असायचे. मग कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलाकडे राहायला गेलं, कुणी देवाघरी गेलं. आता मंडळी म्हणजे ऑड्री आणि डेस्मंड फनेल. बुधवारही उरला नव्हता; या बुधवारी डेस्मंडला दात दाखवायचा होता, म्हणून मंगळवार.

डेस्मंड निवृत्त बस ड्रायव्हर. आयुष्यभर ठरलेल्या एकाच रस्त्यावरून बस हाकल्यामुळे असेल, त्याला म्हातारपणी पायवाटांचं वेड लागलं होतं. पाठीवरच्या पिशवीत सँडविचच्या आधी फांद्या छाटायची कात्री जायची. वाटेवर झुकलेली काटेरी फांदी कुणाच्या का रानातली असेना, तो ती कापायचा आणि वर मालकाच्या नावानं खडे फोडायचा. गावाच्या वाट-समितीचा तो अध्यक्ष होता, चिटणीस होता, आणि बैठकीला बिस्किटंही तोच आणायचा.

“चल, पुन्हा एकदा,” तो म्हणाला. “मी त्यांचा वकील. मिसेस टपेन, तुम्ही त्या वाटेनं कधीपासून जात होतात?”

“डेस्मंड, खाली बघून चाल. रात्री पाऊस झालाय.”

ते खरंच होतं. खडू ओला झाला की साबणासारखा होतो, आणि चढावर तर पुढं टाकलेलं पाऊल मागं येतं. दोघांचेही बूट घोट्यापर्यंत पांढरे झाले होते.

“वकिलाला असं सांगणारेस गुरुवारी? उत्तर दे.”

“तीसेक वर्षं तरी गेले. दिवसाआड तरी.”

“लपूनछपून?”

“भर सकाळी. लाल टोपी घालून.”

“कुंपण तोडून? कुलूप फोडून?”

“मी?”

“नुसतं नाही म्हण गं. कुणी कधी अडवलं?”

“एकदा गायींनी.”

“गायी राहू देत. आणि त्या वाटेनं जायची परवानगी तुम्ही कुणाकडे मागितली होती का?”

“मागितली होती की,” ऑड्री म्हणाली. “न विचारता कशी जाईन?”

डेस्मंड थांबला. एक पाय चढावर आणि एक खाली, असाच थांबला. मग हळूच मागं वळला.

तो का थांबला हे कळायला गुरुवारचं प्रकरण माहीत हवं. फर्लडीनहून वरच्या वाटेला जायला एकच पायवाट होती. चर्चच्या मागून निघायची, हॉलिंगडेलच्या शेतातल्या गोठ्याच्या कडेनं जायची आणि टेकडीच्या अंगावरून तिरकी माथ्यावर चढायची. तिला गावात बॉस्टल म्हणायचे. चार वर्षांपूर्वी म्हातारा विल्फ हॉलिंगडेल वारला, पुढच्या वर्षी शेत विकलं गेलं, आणि नव्या मालकानं दुसऱ्याच महिन्यात फाटकाला कुलूप ठोकलं. तेव्हापासून टेकडीवर जायचं तर ट्रकच्या रस्त्यानं, काठाकाठानं, जीव मुठीत धरून दोन मैल जावं लागे, नाही तर बस किंवा मोटार. गावानं सरकारकडे अर्ज केला. कायदा असा, की लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाला न विचारता, कुणी न अडवता एखाद्या वाटेनं चालले असतील, तर ती वहिवाट सगळ्यांची होते; मालक मग कुणी का असेना. गुरुवारी सरकारी निरीक्षक गावच्या हॉलमध्ये बसून साक्षी ऐकणार होता. गावाची पहिली साक्षीदार ऑड्री, कारण तिच्याइतकं त्या वाटेनं कुणीच चाललं नव्हतं आणि तिच्या शब्दावर अख्खं गाव डोळे मिटून विश्वास ठेवायचं.

“कधी विचारलंस?” डेस्मंडचा आवाज फार शांत होता. तो असा शांत झाला की पूर्वी बसमधले उतारू आपापलं तिकीट काढून हातात धरायचे.

“आपली मंडळी पहिल्यांदा जमली ना, तेव्हा. तीसेक वर्षं झाली असतील. मी चिटणीस होते. एवढे चौदा-पंधरा जण कुणाच्या गोठ्यावरून जायचे, तर एका शब्दानं विचारायला नको? तुम्ही सगळे चर्चच्या भिंतीपाशी उभे होतात. मी गेले, दार वाजवलं, विचारलं.”

“सगळ्या मंडळीच्या वतीनं?”

“हो. माझ्या एकटीपुरतं कसं विचारू?”

“आणि तो हो म्हणाला.”

ऑड्रीनं टोपी सारखी केली. “मी येऊन सांगितलं नव्हतं का तुम्हाला? खुशाल जा म्हणाले म्हणून.”

“मला वाटलं, तू आपली बोलायची पद्धत म्हणून बोललीस!”

“मग दर नाताळात मी त्यांच्याकडे केक घेऊन कशाला जात होते?”

“केकसुद्धा?”

“ब्रँडी घातलेला.”

डेस्मंड ओल्या गवतावर बसला. पँट भिजेल असं ऑड्रीला सांगायचं होतं, पण तिनं ते गिळलं.

“संपलं,” तो म्हणाला. “अगं बाई, परवानगी मागितली की हक्क बुडाला. न विचारता घुसलो असतो तर वाट आपली होती. तू विचारलंस, त्यानं दिली, म्हणजे तो त्याचा उपकार झाला. उपकार करणारा मेला की उपकार संपतो. नवा मालक कुलूप लावायला मोकळा.”

“म्हणजे घुसणाऱ्याला वाट मिळते आणि विचारणाऱ्याला नाही?”

“हो.”

“हा कसला कायदा! कुणी केला असला?”

“आपल्याच माणसांनी.”

 डेस्मंड उठला, मागची बाजू झटकली आणि चालायला लागला. पन्नासेक पावलं गेल्यावर मान न वळवता म्हणाला, “गुरुवारी येऊ नकोस. सर्दी झाली म्हण.”

“खोटं सांगू?”

“या देशात सर्दी खोटी नसते. कुणालाही कधीही होते.”

“आणि त्यांनी आयव्हीबाईंना बोलावलंय, त्याचं काय?”

हे दुसरं दुखणं. विल्फची बायको आयव्ही हॉलिंगडेल शेत विकल्यावर नदीकाठच्या गावात, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या घरांतल्या एका खोलीत राहायला गेली होती. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायची, की माझ्या विल्फनं अख्ख्या गावाला आपल्या रानातून जाऊ दिलं, इतका दिलदार होता. नव्या मालकाच्या वकिलाला आणखी काय हवं होतं? डेस्मंडचा बेत असा होता, की म्हातारीचं बोलणं फार मनावर घेऊ नये असं निरीक्षकाला हळूच सुचवायचं. आता ते बोलणं खरं निघत होतं, आणि खरं करणारी गावाचीच पहिली साक्षीदार.

मग दोघं रुसूनच चालले. रुसवा धरायला ती वाट फार गैरसोयीची आहे. समोरून कुणी ना कुणी चालणारा येतोच, आणि आला की हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणावंच लागतं. दोघंही प्रत्येकाला अगदी मनापासून म्हणायचे, हवा किती छान पडलीय असंही म्हणायचे, आणि माणूस पुढं गेला की दोन्ही तोंडं पुन्हा मिटायची. कुत्र्याला घेऊन चाललेल्या एका बाईला तर डेस्मंडनं थांबून कुत्र्याचं नाव, वय आणि खाणं विचारलं. ऑड्री बाजूला उभी राहून तेवढा वेळ त्या बाईकडे बघून हसत राहिली.

माथ्यावर वारा होता. एका अंगाला पार लांब समुद्राची चकचकीत रेघ, दुसऱ्या अंगाला खाली पसरलेला सपाट हिरवा मुलूख. वर चंडोल ओरडत होते आणि दिसत एकही नव्हता. वळणावर आल्यावर ऑड्रीला खाली फर्लडीन दिसलं. चर्चचा बुटका मनोरा, हॉलिंगडेलच्या गोठ्याचं लाल छप्पर, आणि तिथून टेकडीच्या अंगावर तिरकी चढत आलेली बॉस्टल. एके काळी ती लांबून पांढरीशुभ्र दिसायची. आता तिच्यावर गवत चढलं होतं. कुठं कुठं पांढरं दिसत होतं तेवढंच.

लेन वारला त्या वर्षी ती वाट नसती तर आपलं काय झालं असतं, हे ऑड्रीला माहीत होतं. नवरा गेल्यावर लोक भेटायला यायचे, सूप आणायचे, आणि तिला प्रत्येकाला सांगावं लागायचं की मी बरी आहे. पहाटे उठून ती बॉस्टल चढायची. वर पोचेपर्यंत श्वास एवढा लागलेला असायचा, की रडणं आणि धापा टाकणं यांतला फरक कुणाला कळला नसता. आणि तिथं कुणी नसायचंच. खाली उतरली की ती दिवसभर खरोखर बरी असायची. आता तीन वर्षं ती स्वतःच्या दारातून निघून टेकडीवर गेली नव्हती. बसनं जाऊन, मोटारनं जाऊन ते होत नाही. आणि ही वाट मीच घालवली, असं तिला त्या वळणावर उभं राहून वाटलं. 

मेंढ्यांच्या पाण्यासाठी खणलेलं एक गोल तळं माथ्यावर आहे. तिथं दोघं जेवायला बसले. अबोला असला तरी थर्मास एकच होता. तो ऑड्रीच्या पिशवीत होता. तिनं डेस्मंडला आधी चहा ओतून दिला, दूध जास्त घालून, त्याला लागतो तसा. त्यानं दोन घोट घेतले आणि चीजच्या सँडविचचा कागद सोडला.

“एक सांग,” तो म्हणाला. “विल्फ हॉलिंगडेल खरंच ‘खुशाल जा’ म्हणाला?”

“म्हणजे काय?”

“म्हणजे मी बावीस वर्षं त्याच्या फाटकासमोर बस थांबवली. त्या माणसानं मला एकदाही ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं नाही. एकदा मी म्हटलं, तर म्हणाला, मग मी काय करू? आणि हा तुला म्हणतो, खुशाल?”

ऑड्रीचे कान लाल झाले. वारा होता, त्यावर ढकलता आलं असतं.

“अगदी त्याच शब्दांत नाही म्हणाले.”

“मग कुठल्या?”

“जरा तुसडं बोलले. तुम्ही सगळे भिंतीपाशी वाट बघत होतात. येऊन ते तसंच्या तसं सांगणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी त्याला जरा इस्त्री केली.”

“ऑड्री. काय म्हणाला?”

“म्हणाले, मला काय विचारता, वाट काही माझी नाही.”

डेस्मंडच्या हातातलं सँडविच तळ्यात पडलं. तिकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

“वाट माझी नाही? मालक स्वतः म्हणाला? तुझ्या तोंडावर?”

“त्याहून वाईट शब्दांत. पण अर्थ तोच.”

“अगं, मग त्यानं परवानगी दिलीच कुठं! जे आपलं नाही ते देणार कसा? जमिनीचा मालकच कबूल करतोय की वाट सगळ्यांची आहे!” तो उभा राहिला, पुन्हा बसला. “याच्यापेक्षा मोठी साक्ष नाही. तीस वर्षं हे पोटात ठेवून बसलीस? मी वर्षानुवर्षं कागद काळे करतोय, आणि तू केक करतीयस!”

त्याला तिला मिठी मारायची होती हे दिसत होतं, पण अशा वेळी काय करतात हे त्या दोघांनाही नीट माहीत नव्हतं. त्यानं तिच्या कपात उरलेला सगळा चहा ओतला.

ऑड्रीनं कप हातात धरला, पण ती प्यायली नाही. “मला हे हॉलमध्ये सांगता येणार नाही, डेस्मंड.”

“का?”

“आयव्हीबाई समोर बसलेल्या असतील.”

मग तिनं बाकीचं सांगितलं. खुशाल जा म्हणाले असं एकदा सांगून बसल्यावर आभार मानणं भाग होतं. नाताळात ती केक घेऊन मागच्या दारी गेली. आयव्हीनं विचारलं, हा कशाबद्दल? तुमच्या यजमानांनी आम्हाला जाऊ दिलं ना, त्याबद्दल. तेव्हा आयव्हीचा चेहरा असा काही उजळला, की विचारू नका. विल्फनं? माझ्या विल्फनं? आत विल्फ पेपरमागं तोंड घालून बसला होता. त्यानं हूं की चूं केलं नाही. पुढं दर वर्षी केक, दर वर्षी आभार. विल्फ गेला तेव्हा पाद्रीबाबांना सांगण्यासारखं काही सापडेना, म्हणून त्यांनी गावात चौकशी केली आणि चर्चमध्ये सांगितलं, की ज्यानं आपलं फाटक साऱ्या गावासाठी उघडं ठेवलं असा हा उदार माणूस. आयव्ही पहिल्या बाकावर ताठ बसून ऐकत होती.

“तिच्याजवळ आता तेवढंच आहे,” ऑड्री म्हणाली. “आणि तेही मीच रचलेलं. अख्ख्या गावासमोर मी ते काढून घेऊ?”

“मग गावाची वाट जाऊ द्यायची? एका म्हातारीला वाईट वाटेल म्हणून?”

“तसंही म्हणत नाहीये मी.”

“मग काय म्हणतीयस?”

तिला ते माहीत नव्हतं. बीच जातीच्या उंच झाडांतून उतार सुरू झाला तरी माहीत नव्हतं. खाली नदी दिसायला लागली, नदीपलीकडे पुढची टेकडी दिसायला लागली, आणि वाट गावाच्या पहिल्या घरांशी आली, तेव्हा ती म्हणाली, “मी आधी त्यांना सांगणार. एकट्यांना. आत्ता.”

“साक्षीदारानं समोरच्या साक्षीदाराला भेटू नये, ऑड्री. असं चालत नाही.”

“मग तू बाहेर थांब.”

आयव्हीची खोली तळमजल्यावर होती. ऑड्रीनं बूट दाराबाहेर काढले, तरी मोज्यांना लागलेला खडू गालिच्यावर उमटलाच. आयव्ही खिडकीपाशी खुर्चीत होती. नव्वदीला टेकली होती, नजर मात्र कोंबड्या मोजायला लावली तर एकही चुकली नसती.

“तू टपेनची ना? केकवाली. ये. हा काही नाताळ नाही.”

“नाही हो. टेकडीवरून आले. तुम्हाला एक सांगायचं होतं, वेळ असेल तर.”

“मला वेळच वेळ आहे. बस. गुरुवारचं का? तो वकील येऊन गेला. गोड पोरगा आहे. म्हणाला, आजी, तुमच्या यजमानांचा मोठेपणा सगळ्यांसमोर सांगा.”

ऑड्री खुर्चीच्या कडेवर बसली. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळून गेली. तिनं नुसतं सांगून टाकलं. की विल्फनं परवानगी दिली नव्हती. की ‘खुशाल जा’ हे शब्द तिचे, त्याचे नव्हते. की पाद्रीबाबांनी सांगितलं तेही तिच्याच तोंडून निघालेलं होतं. आणि गुरुवारी हे हॉलमध्ये सांगितलं नाही तर बॉस्टल कायमची बंद होईल. “मला फार लाज वाटते, मिसेस हॉलिंगडेल,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल तर मी गप्प बसेन.” हे शेवटचं तिनं ठरवलं नव्हतं. ते आपोआप विचारलं गेलं.

आयव्हीनं मान खिडकीकडे वळवली.

“तो चांगला होता असं सांगणारी जगात तू एकटी होतीस,” ती म्हणाली. “सख्खी बहीण त्याला सैतान म्हणायची. दर नाताळात तू आलीस की मला वाटायचं, बघा, कुणाला तरी दिसलं.”

ऑड्रीला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. ती उठून उभी राहिली.

“बस खाली. काय म्हणाला होता नेमकं?”

“म्हणाले, मॅडम, ही वाट काही माझी नाही, तेव्हा तुम्ही...”

“थांब. विल्फनं जन्मात कुणाला मॅडम म्हटलं नाही. राणी आली असती तरी म्हटलं नसतं.”

“बाई म्हणाले. बाई, मला विचारायची गरज नाही...”

“गरज! ऑड्री टपेन, मी त्या माणसाबरोबर बावन्न वर्षं काढलीयेत. तू अजून इस्त्रीच करतीयस. कुठं उभा होता तो?”

“गोठ्याच्या दारात.”

“हातात काय होतं?”

“बादली. आणि मागं गाय होती, ती बाहेर पडायला बघत होती.”

“मग तसं सांग. उभी राहून सांग.”

ऑड्री टपेननं आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता. ती त्या छोट्या खोलीत, मोजे घातलेल्या पायांवर, गालिच्याच्या मधोमध उभी राहिली. तीस वर्षांत ती वाक्यं ती एकदाही मोठ्यानं बोलली नव्हती, पण विसरली मात्र एक शब्दही नव्हती. तिनं हनुवटी खाली दाबली आणि आवाज जमेल तितका जाड केला.

“‘परवानगी? कसली परवानगी? ए बाई, रान माझ्या बापाचं आहे, वाट माझ्या बापाची नाही! माझ्या आज्याला कुणी विचारलं नाही, त्याच्या आज्याला कुणी विचारलं नाही, आणि तू कोण शहाणी आलीस टोपी घालून मला विचारायला? जायचं तर जा, नाही तर मर तिकडे! उद्या शिंकायच्या आधी येशील विचारायला! सरक, गाय निघाली!’”

 शेजारच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बारीक केला. आयव्हीनं डोळे मिटले होते आणि तिचे खांदे हलत होते. ऑड्री घाबरून पुढं झाली आणि तिचा हात धरला, तेव्हा तिला कळलं की म्हातारी हसतेय. हसता हसता डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

“तोच,” आयव्ही म्हणाली. “अगं, अगदी तोच. माझ्या बापाची नाही! असाच बोलायचा मेला. मला मागणी घातली ती पण अशीच, वस्सकन अंगावर येऊन.”

“मिसेस हॉलिंगडेल, मला माफ...”

“गप गं. चार वर्षं झाली. जो येतो तो सांगतो, शांत होता, दिलदार होता, उदार होता. मीही मान डोलावते, मीही तेच सांगत सुटलेय. आणि एकटी असताना आठवायला बसले की चर्चमध्ये सांगितला तो भला माणूस समोर येऊन उभा राहतो. मी ओळखत नाही गं त्याला. माझा कुठं गेला ते मला सापडेचना. आवाजच गेला होता त्याचा माझ्या कानातून.”

 लेन गेल्यावर सूप घेऊन येणारे लोक ऑड्रीला आठवले, आणि त्यांना आपण काय काय सांगितलं तेही.

“गुरुवारी मला पुढच्या खुर्चीत बसव,” आयव्ही म्हणाली. “त्या वकिलानं विचारू दे. मी सांगेन, हो साहेब, हा माझाच नवरा, असं दुसरं कुणी बोलूच शकत नाही. पण तू मात्र असंच म्हणायचंस. साखर घातलीस तर मी भर सभेत उठून सांगेन की ही बाई खोटारडी आहे.”

“असंच म्हणेन.”

“आता पुन्हा म्हण.”

“सगळं?”

“सगळं. आणि ते ‘सरक’ जरा जोरात. त्याला नेहमी गायींची घाई असायची.”

आयव्हीनं पुन्हा डोळे मिटले आणि मान मागं टेकवली. ऑड्रीनं घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.